तेल्हाऱ्याचा कौल दोनदा

मागच्या हिवाळ्यात अकोल्याच्या जठारपेठेतील एका मंगल कार्यालयात, तेल्हाऱ्याचे केंद्र बंद करावे असा कौल एकमताने लागला. जेवणानंतर त्याच लोकांनी उलटा कौल दिला. त्या बैठकीचे संचालन माझ्याकडे होते.

बैठक ज्या संस्थेची होती ती कृत्रिम पाय आणि अधू पायाला आधार देणारे कॅलिपर बनवते. मुख्य कार्यालय अमरावतीला, केंद्रे अकोला, तिवसा आणि तेल्हारा येथे. पुढच्या पाच वर्षांचा प्लॅन ठरवायचा होता. असा प्लॅन सहसा चार संचालक बंद खोलीत करतात. माझे काम वेगळे आहे. निर्णयाची झळ ज्यांना बसणार, त्या सगळ्यांना मी एका हॉलमध्ये आणतो. त्यामुळे तिथे संचालक होते, टेक्निशियन होते, ड्रायव्हर होते, पेशंटही होते.

प्रश्न एकच होता. तेल्हाऱ्यात पेशंट कमी येतात, अकोल्यात माणसे अपुरी पडतात. तेल्हारा बंद करून तिथला स्टाफ अकोल्याला आणायचा का? ‘बंद’ म्हणणाऱ्यांनी खिडकीकडे जायचे, ‘चालू’ म्हणणाऱ्यांनी दाराकडे. हात वर करण्यापेक्षा चालत जाताना माणूस जास्त विचार करतो, म्हणून ही पद्धत.

मी सूचना संपवण्याआधीच अध्यक्ष भाऊसाहेब उठले. “चला, मी सुरुवात करतो,” म्हणाले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. पाठोपाठ सगळा हॉल गेला. तेल्हारा केंद्र सांभाळणाऱ्या शमीम आपाही गेल्या. दाराकडे कोणीच नव्हते.

चहाच्या वेळी मी आपांना गाठले.

“तुमचंच केंद्र बंद होतंय. तुम्ही खिडकीकडे कशा?”

“भाऊसाहेब तिकडे उभे होते ना सर. मंग मी एकटी दाराशी उभी राहून का करू?”

“पण तुमचं मत काय?”

“मत इचारलंच कुठं? उभं राहा म्हनलं, राह्यली.”

आपांचे घर तेल्हाऱ्यात. सासू अंथरुणाला खिळलेली. रोज अकोल्याला जाणे-येणे जमणार नव्हते. केंद्र बंद झाले तर त्यांची नोकरीही संपणार होती. हे त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते.

भाऊसाहेबांना तो कौल खरा वाटत होता. मला वाटत नव्हता. पण सगळ्यांदेखत तसे म्हटले असते तर पुढे कोणी तोंड उघडले नसते. जेवणाला निखाऱ्यावर भाजलेले रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी होती. पंगत बसण्याआधी मी भाऊसाहेबांना बाजूला घेतले.

“भाऊसाहेब, यजमान तुम्ही. पंगत संचालकच वाढणार ना?”

“हे का सांगा लागते का?”

“मग वाढताना एवढंच विचारा, तेल्हारा बंद झाला तर तुमचं काय होईल. उत्तर ऐका आणि पुढच्या ताटाकडे जा. समजावत बसू नका.”

ते हसले, पण भाजीची बादली उचलली.

पंगतीत साहेब उभा असतो, लोक बसलेले असतात. आणि पोटभर वाढणे हे त्याचे काम असते. पहिली दोन-तीन ताटे “काही नाही, बरं आहे” यातच गेली. मग गवई काकांचे ताट आले. काका तेल्हाऱ्याजवळच्या खेड्यातले, डावा पाय संस्थेने बनवलेला. खाली बसता येत नाही म्हणून ते खुर्चीवर होते.

“भाऊसाहेब, पट्टा तुटला त दुरुस्तीले अकोल्याले या लागन. येस्टीत पाय घालून चढू का पिशवीत घालून?”

पंगत हसली.

“आणि भाजी वाढा ना जराशी. केंद्र बंद कराले निंगाले, बादली काहून आखडता?”

त्यानंतर लोक बोलू लागले. शमीम आपांनी सासूचे सांगितले.  भाऊसाहेबांनी आपांच्या ताटात भाजी वाढली आणि पुढे सरकले.

शेवटी संचालक जेवायला बसले. ते आत जेवत असताना मी हॉलमध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी बहुतेक लोक दाराकडे गेले. अकोल्याचे काही टेक्निशियन खिडकीशी थांबले. कामाचा ताण त्यांच्यावर होता आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

भाऊसाहेब हात पुसत आले आणि दारातच थबकले.

“सकाळी कुठं होते रे सगळे?”

“तुमच्या मांगंच होतो भाऊसाहेब,” गवई काका म्हणाले.

संचालक मंडळाने तेल्हाऱ्याचे केंद्र प्लॅनमध्ये कायम ठेवले. अकोल्यासाठी नवी माणसे घ्यायचे ठरले. त्यासाठी अमरावतीच्या नव्या इमारतीचे काम पुढे ढकलण्यात आले. शमीम आपा तेल्हाऱ्यातच आहेत.

संस्थेची पुढची बैठक तिवशाला झाली. तिथे भाऊसाहेबांनी आपले मत सर्वांत शेवटी, बाकीच्यांचा कौल झाल्यावर सांगितले.