झिजलेली चकती

गव्हाणला आमच्या घरी साबणाला फेस यायचा नाही. विहिरीचं पाणी मचूळ, त्यात साबण नुसता फुटायचा. आई-बाबा दोघंही मिठागरावर मजुरीला. संध्याकाळी परत आले की हातांच्या भेगांत मीठ बसलेलं असायचं. गोडं पाणी लांबच्या दुसऱ्या विहिरीवरून डोक्यावर आणायचं, म्हणून धुण्याचा क्रम ठरलेला: आधी माझा शाळेचा पांढरा शर्ट, त्याच पाण्यात रंगीत कपडे, मग गोधड्या, उरलेलं अंगणात. शर्ट एकच होता. तो घालून मी दहावी झाले, पुढे पदवी घेतली. आमच्या घरात कॉलेज बघितलेली मी पहिली, आणि हे सांगताना आवाज खाली करावा असं मला आजही वाटत नाही.

नोकरी लागल्यावर नवीन पनवेलला घर भाड्यानं घेतलं, दोघांना घेऊन आले आणि पहिली मोठी वस्तू घेतली ती वॉशिंग मशीन. एका बाजूला धुवायचा टब, दुसऱ्या बाजूला पिळायचा. आई त्याला घाबरायची. बाबांनी मात्र ते ताब्यातच घेतलं. गावचं कुणी आलं की हसायचं, "काय रं, पोरगी हापिसात न् तू धुन्यावर?"

"मग? तुज्या घरी बायको धुतं, माज्या घरी मशीन धुतं. मी निस्ता उभा," बाबा म्हणायचे.

आई गेली. पुढे बाबांचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली, मग सण, मग आपण जेवलो की नाही तेही. धुणं तेवढं राहिलं. सकाळी बादलीनं टब भरायचा, पांढरे, रंगीत, शेवटी पायपुसणी. दुपारपर्यंत ते त्यात असायचे. शेजारच्या काकू मधूनमधून डोकावून जायच्या, आणि मी कामावर निर्धास्त.

गेल्या उन्हाळ्यात मशीन नुसतं गुरगुरायला लागलं. टबाच्या तळाशी एक चकती असते, ती पाणी घुसळते. तिच्या मधल्या भोकाचे दात झिजले होते. खालचा दांडा फिरायचा, चकती जागची हलायची नाही. मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, हे मॉडेलच बंद झालं. पार्ट येत नाही. भंगारात द्या."

बाबांना हे कसं सांगणार? ते रोज टब भरायचे, बटण फिरवायचे आणि पाण्याकडे बघत बसायचे. पाणी हललं नाही की कपडे बादलीत भरून चालू पडायचे. काकूंनी दोन-चार वेळा जिन्यातून परत आणलं. मग एकदा ते कुणालाच दिसले नाहीत. सापडले ते आमच्या गावाकडे जाणाऱ्या उरणच्या रस्त्याला, अनवाणी, हातात ओल्या कपड्यांची बादली. म्हणाले, "हिरीवर चाललोय."

दुसऱ्या दिवशी धाकटा भाऊ आला. "ताई, पुरे आता. वृद्धाश्रमात ठेवू. नोकरी करणार की ह्यांच्या मागं फिरणार?"

"मशीन दुरुस्त झालं की राहतील घरात."

"मग नवीन घे ना! त्या डबड्यात काय एवढं?"

घेतलं. तसलंच, दोन टबांचं. बाबा लांब उभे राहिले. "हे आपलं नाय गो. लोकांच्या वस्तूला हात नाय लावायचा." शेवटी ते मशीन भावाच्या घरी गेलं.

मग रविवार आला की मी चकती पिशवीत घालून निघायचे. जुन्या पनवेलमधली स्पेअर पार्टची दुकानं झाली, कळंबोलीचे भंगारवाले झाले. कुठे भोक मोठं, कुठे दात जास्त. एक बसली, ती टबाला घासून अडकली. ऑनलाइन मागवलेली दुसऱ्याच मॉडेलची निघाली. एक भंगारवाले चाचा चकती उलटीसुलटी करून म्हणाले, "आपा, इसकी तो मय्यत हो चुकी. आप अब नब्ज देख रही हो." आजूबाजूचे हसले. मीही हसले आणि रिक्षात बसल्यावर रडले.

तोवर मी बाहेरून कुलूप लावून कामावर जायला लागले होते. चावी काकूंकडे. बाबा आतून दार बडवायचे. काकू फोन करून सांगायच्या, मी ऑफिसात ऐकायचे. मग बडवणं थांबलं. मला बरं वाटलं. बाहेर जायचं असतं हेच ते विसरले होते, हे मला उशिरा कळलं.

तळोज्याच्या, धातू कातून भाग बनवणाऱ्या एका लेथवाल्यानं आधी नकार दिला होता, एका नगासाठी कोण लेथ लावतो म्हणून. मी पुनःपुन्हा गेले, तेव्हा त्यानं दांड्याच्या मापाचं, आतून दात पाडलेलं पितळी कडं, त्याच्या भाषेत बुश, करून जुन्याच चकतीत ठोकून बसवलं. गणपतींचं विसर्जन तेव्हा केव्हाच झालं होतं.

घरी येऊन टब भरला, बटण फिरवलं. पाणी फिरलं. मी बाबांना हाताला धरून आणलं. त्यांनी वाकून आत बघितलं.

"कुनाचं धुनं?"

"आपलंच, बाबा."

"आपल्यात कवा होतं एवढं कपडं?"

मी त्यांचा हात बटणावर ठेवला. त्यांनी माझं बोट धरलं आणि तसेच उभे राहिले. मशीन थांबलं तरी ते हलले नाहीत.

दिवसा त्यांच्याजवळ आता एक बाई असते. धुणं मी लावते. भाऊ अजूनही वृद्धाश्रमाचं बोलतो, आणि काही दिवशी मी ते शेवटपर्यंत ऐकून घेते. मशीन चालतं. बाबा घरी आहेत.