शनिवारचं घर

मैद्याच्या खळीचा वास आला, की साठ सालच्या सुमाराची आमची अकोल्याची ओसरी आठवते. अमरावतीच्या कॉलेजातून मी गरिबीतल्या आयुष्याची खरी हकिगत सांगणारं एक पुस्तक आणलं होतं आणि त्याची सुटलेली पानं चिकटवत वडिलांच्या वकील मित्रांना ऐटीत सांगत होतो, "वाचाच! उपास म्हणजे काय, ते कळेल तुम्हाला." वडिलांनी ते आधीच वाचलं होतं. ते म्हणाले, "पुस्तक खरं आहे. मी आठवड्यातले सहा दिवस सहा घरी वार लावून जेवलो, म्हणून शिकलो. शनिवारले घर मिळालं नव्हतं." हे त्यांनी आम्हालाही कधी सांगितलं नव्हतं. तेवढ्यात सगळ्यांत रुबाबदार वकीलकाकांनी हात पुढे केला, "आण रे ते पुस्तक इकडे. माहा मंगळवार खाली होता." वडिलांनी जिंकलेले खटले मी विसरलो, त्यांचं ते बोलणं मात्र अजून मिरवतो.