यंत्रातली मधली हद्द

नात विचारते, "आजी, तू खरंच कॉम्प्युटर चालवायचीस?" चालवायचे कसली, त्याच्या आतली हद्द इकडून तिकडे सरकवायचे!

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सोलापुरातल्या आमच्या कापडगिरणीच्या ऑफिसात तीन लोखंडी कपाटांएवढं ते यंत्र गारठलेल्या खोलीत बसलेलं असे. मी केम गावाहून आलेली ऑपरेटर, दोन वेण्या आणि डोक्यात हवा. भाड्याच्या खोलीवर गेलं की बोलायला एक स्टोव्ह तेवढा. मला मैत्रीण हवी होती, पण ते कुणाला सांगायचं?

यंत्र एक, पण त्याच्या मेमरीचे दोन भाग पाडलेले. एकात गिरणीचे पगार, दुसऱ्यात यंत्र भाड्यानं वापरणाऱ्या एका कचेरीची बिलं. दोन्ही कामं एकाच वेळी चालत, पण एकाला दुसऱ्याचा पत्ता नसे. दोघांनाही वाटायचं, या यंत्रात आपण एकटेच राहतो.

बिलांची ऑपरेटर पलीकडच्या खोलीत बसायची. विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी, माझ्याहून थोडी मोठी. आमची गाठ एकाच कारणानं पडे. कामाला मेमरी कमी पडली तर मधली हद्द सरकवायची, आणि त्यासाठी दोघींनी काम थांबवून यंत्रापाशी यायचं, हा साहेबांचा नियम. मी हुकूम टाइप करायचा, तिनं आकडा वाचून 'बरोबर' म्हणायचं.

पगाराला जास्तीची जागा महिनाअखेरीलाच लागे. मला ती रोज लागू लागली.

"अगं, काल तर सरकवली की!"

"कमी पडली, अक्का."

"तुमच्या गिरणीत रोज माणसं जन्मतात काय गं?"

मी खी खी करायचे. दुपारी तिला जागा कमी पडे, की हद्द पुन्हा मागे. तेवढ्यात तिच्या घरच्या मागांच्या, तिच्या पोराच्या नव्या दाताच्या गोष्टी मी लाळ गळेस्तोवर ऐकायचे. काय ध्यान होते!

एका शनिवारी ठरवलं, हिला उद्या जेवायला बोलवायचं. हुकूम टाइप करणार, तोच साहेब आले.

"रोजची थांबाथांब बंद. हद्द कायमची निम्म्यावर. महिनाअखेरी पगार संध्याकाळी, बिलं उरकल्यावर करायचे."

ते गेल्यावर ती हलकेच म्हणाली, "मीच सांगितलं साहेबांना. काम थांबलं की बोलणी मला बसायची गं. आता तुझीपण कटकट मिटली."

"व्हय की," मी म्हणाले. घाबरले की तोंडातून केम बाहेर पडायचं.

ती हसून आपल्या खोलीकडे गेली. बोलवायचं राहिलंच.

वांगी मात्र सकाळीच आणून ठेवली होती, दोघींच्या मापानं. मंगळवारपर्यंत तीच खात होते.