दादाशी राहिलेलं भांडण

फोन वहिनींच्या नंबरवरून आला आणि मी तो उचलला नाही. सकाळचे सात वाजले होते, अकोल्यात माझ्या गच्चीवर मी मिरच्या वाळत घालत होते, आणि मला वाटलं दादाच असणार. स्वतःच्या फोनवरून केला तर बेबी उचलत नाही, हे चार महिन्यांत त्याला कळलं होतं. म्हणून आता बायकोच्या फोनची हुशारी! दुसऱ्यांदा वाजला तेव्हाही मी मिरच्याच पसरत राहिले. तिसऱ्यांदा उचलला तो "काय आहे?" असं खेकसूनच. पलीकडे खरोखरच वहिनी होत्या. "बेबी, ये बाई लवकर. तुझे दादा गेले. पहाटे झोपेतच..." पुढचं काही मला ऐकू आलं नाही. परतवाड्याची गाडी मिळेपर्यंत माझ्या हाताची आग होत होती, कारण मिरच्यांचे हात मी धुतलेच नव्हते.

दीड महिना झाला. या दीड महिन्यात दादा किती प्रामाणिक होता हे मला इतक्या लोकांनी सांगितलं आहे की माझे कान किटले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तर एकामागून एक उठून बोलत होते. माझा भाऊ मेळघाटात वनरक्षक होता, नोकरीची सगळी वर्षं त्याने जंगलात पायी काढली. कोणाचं सागवान पकडलं, कोणत्या पुढाऱ्याची गाडी नाक्यावर अडवली, हे सगळं सांगून झालं. शेवटी कोणीतरी म्हणालं, "आता ताई दोन शब्द बोलतील." मी उठले, "मला बोलता येणार नाही," म्हणाले आणि बसले. लोकांना वाटलं गळा दाटून आला. गळा कसला दाटतो, मला राग आला होता! पस्तीस वर्षं शाळेत बोलून बोलून पोट भरलेली बाई मी. पण उभी राहिले असते तर म्हणाले असते, 'हो, होता प्रामाणिक. त्या प्रामाणिकपणाखाली आम्ही घरचे कसे दबलो ते विचारा.'

माझ्या लग्नाचंच घ्या. चांदूर बाजारजवळ आमचं गाव. मंडप घातलेला, वऱ्हाड पोचलेलं, आणि आमचा एक चुलतभाऊ स्वयंपाकासाठी बैलगाडीभर लाकडं घेऊन आला. दादा नवरीचा भाऊ, नवा सफारी शिवलेला, रजेवर. त्याने गाडीला हात घातला, एक लाकूड उचलून वास घेतला आणि विचारलं, "पास कुठं आहे याचा?" चुलतभाऊ हसला. त्याला गंमत वाटली. दादाने तशीच गाडी फिरवून नाक्यावर नेली, पंचनामा केला आणि चार तासांनी सफारीला धूळ लावून परत आला. तोवर कोणाकोणाच्या घरून काट्याकुट्या गोळा करून भात शिजला. वऱ्हाडी उपाशी, मी उपाशी, आणि सासरी पुढची दहा वर्षं मी 'त्या जंगलवाल्याची बहीण'. मी त्याला म्हटलं होतं, "एक दिवस डोळे मिटले असते तं काय बिघडलं असतं?" त्यावर तो म्हणाला, "मंग उद्या कोणाची गाडी धरू मी? कोणत्या तोंडानं?"

यंदा जानेवारीत माझ्या मुलीने, पल्लवीने, घाट घातला. ती पुण्याला नोकरी करते. म्हणाली, आई, मामाने जन्मभर दुसऱ्यांना जंगल दाखवलं, एकदा आपण त्याला पाहुणा म्हणून नेऊ. गुजरातच्या किनाऱ्यावर एक सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे ओहोटीला समुद्र दोन-तीन किलोमीटर मागे सरकतो आणि माणसं त्याच्या तळावरून चालत जातात. राहायला तंबू. मी, पल्लवी, दादा, वहिनी असे चौघं. आमच्यापैकी पल्लवी सोडली तर समुद्र कोणीच पाहिलेला नव्हता. मला तर एवढंच हवं होतं, की खऱ्या लाटेत एकदा उभं राहायचं. साठी उलटून गेली, गुडघे कुरकुरायला लागले, आता नाही तर कधी?

आणि आपल्या वऱ्हाडी माणसाला उघड्यावर मुक्काम म्हटला की डोळ्यांपुढे एकच गोष्ट येते. रोडगे! गवऱ्यांचा जाळ करायचा, निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजायचे, फोडून त्यात तूप घालायचं आणि वांग्याच्या भाजीशी हाणायचे. समुद्राकाठी गवऱ्या कुठून मिळणार? म्हणून मी अकोल्याहून पोतंभर गवऱ्या घेतल्या. जुन्या चादरीत गुंडाळून, दोरीने आवळून, बर्थखाली सारल्या. वास येत होता थोडा. दादाने विचारलं तेव्हा मी "अंथरूण आहे" म्हणून सांगितलं. त्याने एकदा त्या अंथरुणाकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर तोंड केलं.

उद्यानाच्या फाटकावर वनखात्याचा एक तरुण माणूस होता. त्याने नावं लिहिली, प्लॅस्टिकच्या पिशव्या बघितल्या आणि "जाओ" म्हणाला. आम्ही चार पावलं आत गेलोसुद्धा. तेवढ्यात मागून दादाचा आवाज. "साहब, उस चादर में गोबर के उपले हैं. जलाने के वास्ते लाये हैं. आपने पूछा नहीं." मी मागे वळून बघतच राहिले. माझा सख्खा भाऊ! तो पोरगा बिचारा ओशाळला, म्हणाला, चाचा, आग तो मना है. पोतं फाटकावर जमा झालं.

"त्यानं इचारलं नव्हतं, दादा," मी म्हटलं.

"इचारलं नाही म्हून गवऱ्या काय फुलं होतात?"

"कावून सांगितलं पण तू?"

"मी त्याच्या जागी उभा असतो तं समोरच्यानं सांगावं असंच मले वाटलं असतं," असं म्हणून तो चालायला लागला. त्या संध्याकाळी आम्ही तंबूपुढे बसून चिवडा खाल्ला. भिजवायला आणलेली कणीक तशीच राहिली, वांगी मी रागाने फाटकावरच्या त्या पोराला देऊन टाकली. वहिनी हसत होत्या. त्यांना सवय होती.

खरं भांडण दुसऱ्या दिवशी झालं. सकाळी वाटाड्याबरोबर आम्ही समुद्राच्या तळावरून निघालो. गुडघाभर डबकी, टोकदार खडक, चिखल. पल्लवी पुढे, मी आणि वहिनी हातात हात धरून मध्ये, आणि दादा सगळ्यांत मागे, कारण जंगलात तो मागेच चालायचा, कोणी सुटू नये म्हणून. वाटाड्याने खेकडे दाखवले, फुगणारा मासा दाखवला, दगडासारखे दिसणारे जिवंत प्रवाळ दाखवले. माझं लक्ष लागत नव्हतं. दूरवर पांढरी रेघ हलत होती, त्या लाटा होत्या. मला तिथे जायचं होतं. दोन तास गुडघा ओढत चालले मी. ती रेघ इतकी जवळ आली की आवाज ऐकू यायला लागला. आणि मागून दादा म्हणाला, "फिरा मागं. टाइम झाला."

फाटकावर भरती-ओहोटीचं वेळापत्रक लावलेलं होतं, ते त्याने तळहातावर पेनाने उतरवून आणलं होतं. वाटाड्या म्हणाला, "दस मिनट चलेगा, चाचा. दीदी को पानी देखने दो." रोजचा चालणारा माणूस तो, त्याची हरकत नव्हती. पण दादाने तळहात त्याच्यापुढे धरला आणि मान हलवली. पल्लवी म्हणाली, "मामा, दोनशे पावलं आहेत फक्त." तो हललाच नाही. रस्त्यात उभं राहावं तसा माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

माझं डोकं सरकलं. तिथेच, समुद्राच्या तळावर, मी ओरडले. "जिंदगीत एक डाव तरी माह्यासाठी नियम मोड ना रे! एक डाव! लग्नात नाही मोडला, काल नाही मोडला, आता म्हातारी झाली मी, आता तरी मोड!"

"पाणी काय माणूस पाहून येते, बेबी?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही, त्याचाच मला अधिक राग आला.

"तुले बहीण नाहीच. तुले फक्त खातं आहे," मी म्हटलं. वहिनींनी माझा हात दाबला. दादाने वाकून माझी सुटलेली चप्पल चिखलातून काढली, धुतली आणि माझ्या हातात दिली. आम्ही परत फिरलो. अर्ध्या तासाने मागे बघितलं तर आम्ही उभे होतो त्या जागी पाणी आलेलं. म्हणजे तो बरोबर होता. तो नेहमीच बरोबर असायचा आणि हाच तर त्याचा त्रास होता. चुकला असता तर निदान मला माफ तरी करता आलं असतं.

येताना गाडीत आम्ही बोललो नाही. अकोला आलं, मी उतरले. त्याला पुढे बडनेऱ्याला उतरायचं होतं. त्याने माझी बॅग खाली दिली आणि म्हणाला, "पोचली की फोन कर." मी केला नाही. भीमजयंतीला मी दरवर्षी परतवाड्याला जाते, यंदा गेले नाही. त्याचे फोन आले, चार-पाचदा. माफी मागायला केले असतील असं मला मुळीच वाटत नाही. 'गुडघा कसा आहे' एवढंच विचारणार होता. तेही मी विचारू दिलं नाही. मला वाटत होतं, झुरू दे थोडं. दिवाळीपर्यंत ताणू, मग बोलू. मनात वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती मी... आणि हा माणूस भांडण अर्धं टाकून निघून गेला.

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. वनखात्याचे एक तरुण साहेब घरी येऊन गेले होते. दादा रोजच्या फिरतीची दैनंदिनी कार्बन लावून लिहायचा, एक प्रत ऑफिसात आणि एक घरी. त्या घरच्या वह्या साहेबांना हव्या होत्या, नव्या पोरांना दाखवायला, की प्रामाणिक नोंद कशी असते. वहिनी म्हणाल्या, "बेबी, तू मास्तरीण. तूच लावून दे वर्षाप्रमाणं." मग मी त्याच्या खोलीत फतकल मारून बसले. पत्र्याची पेटी उघडली. खरं सांगते, मी लावायला बसलेच नव्हते, चूक शोधायला बसले होते. एवढ्या वर्षांत एक तरी खाडाखोड सापडावी! पान उलटते आहे, उलटते आहे. बीट क्रमांक, म्हणजे त्याच्या वाट्याच्या जंगलाचा नंबर, निघाल्याची वेळ, पाणवठा, पाऊलखुणा, कुठे अस्वल दिसलं, कुठे खैर तोडलेला दिसला. घोटीव अक्षर. एक चूक नाही.

मग एका उन्हाळ्याची वही हातात आली आणि एका तारखेवर माझं बोट थांबलं. ती पल्लवीच्या जन्माची तारीख. मी आई आहे तिची, मला ती तारीख चुकणार नाही. अकोल्याच्या दवाखान्यात माझं बाळंतपण अडलं होतं. यांना इलेक्शनची ड्युटी लागलेली, सुटका नव्हती. डॉक्टरांनी रक्त मागितलं, आणि रात्रभर एसटी बदलत दादा येऊन पोचला. त्याने रक्त दिलं. मग तीन दिवस हलला नाही. मी शुद्धीवर आले तेव्हा व्हरांड्यात त्याच्या बुटांचा आवाज येत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी विचारलं होतं, "दादा, उन्हाळ्यात तं तुमच्या रजा बंद असतात ना? वणव्याचे दिवस." तो म्हणाला होता, "भेटली मले. तू झोप."

वहीत त्या तीन तारखा होत्या. तिन्हींपुढे त्याच घोटीव अक्षरात लिहिलं होतं: 'सकाळी सहा वाजता निघालो. पूर्ण बीट पायी फिरलो. वणवा नाही. विशेष काही नाही.'

रजा भेटलीच नव्हती. ऐन वणव्याच्या दिवसांत तो जंगल तसंच टाकून माझ्याकडे आला होता आणि परत जाऊन त्याने खोटं लिहिलं होतं. तीनदा. मला वाटतं बाकी सगळी नोकरी त्याने त्या तीन ओळींच्या धाकात केली असेल. पण हे मला वाटतं. त्याला विचारायची सोय मी ठेवली नाही.

बाकीच्या वह्या मी साहेबांना पाठवल्या, ती एक ठेवून घेतली. आणि आता हे मीच छापायला देते आहे, तेव्हा खात्याला जे म्हणायचं ते म्हणू दे. पण दादा, तू समुद्रावर गप्प कावून राह्यला रे? मी तुला नाही नाही ते बोलत होते, 'एक डाव तरी मोड' म्हणून बोंबलत होते, आणि तुझ्याजवळ हे उत्तर होतं. तोंडावर फेकून मारायचं ना! "मोडला होता, बेबी," एवढंच म्हणायचं. मी तिथेच खाली बसले असते, मागे फिरले असते, गाडीत तुझ्याशेजारी बसून आले असते, पहिल्या घंटीला फोन उचलला असता. भांडण मी हरले आहे. हे तुला सांगायचं आहे, आणि वहिनींच्या नंबरवर फोन केला की आता खरोखरच वहिनी उचलतात.