केळ्याला पहिला हात

आमच्या गल्लीतला लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारा मिस्तरी मिरची चाखताना एक डोळा मिटायचा. बिघडलेल्या लूमचा आवाज ऐकतानाही तसाच मिटायचा. "पहिले वास पाय, मंग गोडी. आग काय, ती येतेच मागून," असं सावकाश सांगायचा. सुट्टीच्या दिवशी आम्ही चार मित्र त्याच्या दुकानात जमून जहाल मिरच्यांची चव ताडून पाहायचो. तोंडाची आग शमवायला मध्ये एकच केळं ठेवायचं आणि त्याला जो पहिला हात लावेल, तो हरला. मिस्तरीने कधीच लावला नव्हता.

त्या दिवशी दापोरा गावच्या मित्राने त्याच्या बांधावरची भूत जोलोकिया मिरची आणली, सगळ्यांत जहाल. फुशारकीत मी सगळ्यांच्या आधी अख्खी चावली. आधी फळासारखी गोड लागली, मग मागून आग आली, कान वाजायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. केळं समोरच होतं, पण सगळे माझ्याचकडे पाहत होते. मी हात मांडीखाली दाबून धरला.

मिस्तरीने केळं उचललं, सोललं, एक घास घेतला.

"हारलो भाऊ मी. बस झालं यार," म्हणत उरलेलं त्याने माझ्या हातात कोंबलं.

त्याच्या वाट्याची मिरची कागदावर तशीच अख्खी पडली होती.