पंधराचा हलका पाना

चुलतभावाने टायटॅनियमचा पाना आणून माझ्या वडिलांच्या हातात ठेवला, त्या दिवशी मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. जळत होते मी. सरळच लिहिते.

इंदापुरात आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान. आठवड्यातून दोनदा वडील अवजारांची पिशवी खांद्याला अडकवून गावोगावच्या शाळांवर जायचे, पोरापोरींच्या सायकली जागेवर नीट करून द्यायचे. पुढे खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, ओझं बंद. मी म्हणाले, "आप्पा, पिशवी मी घेते. फेरी मी मारते."

"तू पंक्चर काढ. पेडल-बिडल पोरीच्या हाताचं काम न्हाय."

शाळेत जाणाऱ्या मुलींच्या सायकलींसाठी रस्त्याला वेगळी पट्टी द्या, म्हणून मी तहसील कचेरीसमोर पत्रकं वाटते, साहेबांशी भांडते. आणि माझ्याच घरात मला पाना मिळत नाही!

भाऊ वालचंदनगरच्या कॉलनीत वाढला, इंजिनियर झाला, बारामतीत एका छोट्या वर्कशॉपात लागला. तिथलं यंत्र टायटॅनियमची पूड लेझरने वितळवतं, थरावर थर चढवतं आणि अख्खी वस्तू उभी करतं. वडिलांची पिशवी हलकी व्हावी म्हणून त्याने पहिला पाना केला तो पंधरा नंबरचा, पेडल काढायचा. वडिलांनी तो तळहातावर उडवून झेलला.

"आयला, हातात काय हाय का न्हाय तेच कळंना! माझं दुखणं तूच वळखलंस बघ लेका."

रोज रात्री तो खांदा शेकत कोण होतं?

शेवटी वडीलच टपरीवर चहा सांगायला गेले. तेवढ्यात भाऊ मला म्हणाला, "ताई, दांडा आतनं पोकळ हाय, नुसती जाळी. काकांना तेवढा पाईप घालू देऊ नको."

"बरं," मी म्हणाले.

आमच्याकडे पेडल गंजून बसलं की पान्याच्या दांड्यावर हातभर लोखंडी पाईप चढवतात आणि अंगाचा भार टाकतात. वडिलांनी जन्मभर हेच केलंय. मला ते माहीत होतं. मी विसरले नाही. सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दूध घालणाऱ्या एका म्हाताऱ्याची सायकल आली. पेडल हलेना. वडिलांनी कोपऱ्यातला पाईप उचलला. मी दोन हातांच्या अंतरावर ट्यूब घासत बसले होते. तोंड उघडायला वेळ होता, उघडलं नाही. दांडा चेपला, मोडला, आणि वडील दातेरी चाकावर आदळले. बोटं फुटली, दुखरा खांदा पुन्हा लचकला.

ते ओरडले नाहीत. तुकडे फडक्यात गोळा करत म्हणाले, "पोरानं एवढ्या मायेनं केला आन् मी गाढवानं तीन दिसांत मोडला. कुठल्या तोंडानं सांगू त्याला?"

ते ऐकवेना. "आप्पा, पाईप घालू नका म्हणून तो सांगून गेला होता. मला."

"आन् तू इसरलीस?"

"न्हाय."

वडिलांनी माझा फोन उचलून माझ्या हातात दिला. "लाव फोन. लोकांना झोडतीस ना, तसं सोताला झोड. मी हितंच बसतो."

मी सगळं सांगितलं. भावाने आधी विचारलं, "काकांना लागलं का?" मग म्हणाला, "पाईप किती लांब होता? तुकडं टाकू नको. समदेच पाईप घालत असतील तर दांडा ते सोसंल असाच करायला पाहिजे." एक शिवी नाही, एक टोमणा नाही. इतकं चांगलं असायची काय गरज होती त्याला? मी अजूनच जळले.

"आप्पा, माझ्या सायकलचं काय?" दूधवाला म्हणाला.

वडिलांनी पोलादी पाना आणि पाईप माझ्याकडे सरकवला. "डावं पेडल हाय. उलटा आटा, उलट्या अंगानं फिरव." जसं काही मला ठाऊकच नव्हतं! दोन झटक्यांत पेडल सुटलं. म्हातारा खूश होऊन गेला.

"उद्या शाळेची फेरी मी करू?" मी विचारलं.

"पोरीच्या हाताचं काम न्हाय, असं आता म्हणत न्हाय. हात चांगलाय तुझा." वडील फडक्याने बोटं बांधत होते. "पर तितं मी नसतो. नट ढिला ऱ्हायला आन् तू बोलली न्हाईस, तर पोरगं पडंल. कसं पाठवू?"

मी अवजारांची पिशवी खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवशी फेरी झाली नाही.