धर्मानं दातानं तोडलेला दोरा

धर्मा गेला तवा मी पनवेलच्या मच्छी बाजारात शिळी कोलंबी ताजी म्हणून खपवत होतो. बायको धावत आली, म्हणाली, “धर्माभावजी गेले.” टोपली तशीच टाकून पळालो... आणि त्याच्या दारात पोचून उंबऱ्याबाहेरच थांबलो. लहानपणापासनचा दोस्त माझा. पन मला त्याच्या थुंकीची भीती. मेलेल्या माणसाच्या थुंकीची! एवढा मी शाना.

धर्मा आमच्या कोळीवाड्यात जाळी सांधायचा. फाटलेलं जाळं मांडीवर घ्यायचा, गाठ मारायचा, दोरा दातानं कटकन तोडायचा. त्याची गाठ कधी सुटली नाय. माझी गाठ मासा बघूनच सुटायची. आमी दोघं एकाच ग्लासातनं चहा प्यायचो. मग कुणीतरी दवाखान्यातनं बातमी आणली, धर्माला एड्स हाय... आणि अख्ख्या वाड्याला तो दातातला दोरा आठवला. मी तर त्यानं सांधलेलं जाळं फिनेलमदी बुडवलं. आठ दिस एक मासा नाय घावला. ही गोष्ट धक्क्यावर मीच रंगवून सांगितली. धर्मा तिथंच बसलेला. सगळ्यांबरोबर तो पन हसला. म्हणाला, “गण्या, मासं पन पळालं रे तुझ्या वासानं.”

दुसऱ्या दिवसापासनं तो दोरा ब्लेडनं कापायला लागला. आमच्यासाठी. सवय नव्हती, बोटं कापून घ्यायचा, चिंधी गुंडाळून परत बसायचा. तरी कुणी जाळं दिलं नाय. मी पन नाय. चार वर्सं तो दारात बसून स्वतःचंच एक जुनं जाळं उसवायचा नि सांधायचा...

त्याचं तेरावं बाहेर मांडवात जेवून आलो आणि मला घाम फुटला. एवढं उष्टं खाल्लंय त्याचं, आता माझा नंबर. सरकारी दवाखान्यात गेलो, तिथल्या बाईंना सगळं सांगितलं. ग्लास, दोरा, दात. बाई म्हणाल्या, “काका, थुंकीतून नाही पसरत हा आजार. उष्ट्यातून, चहाच्या ग्लासातून नाही.”

“मग कशातनं?”

“रक्तातून. संबंधातून. दुसऱ्याला टोचलेल्या इंजेक्शनच्या सुईतून.”

“हे तुमाला कवा कळलं?”

“कधीपासून माहीत आहे, काका. ते काय, भिंतीवरच्या कागदावर लिहिलंय.”

तसाच कागद एष्टी स्टँडवर पन हाय. त्याला टेकून मी किती बिड्या ओढल्यात. मला वाचता येत नाय, हे पन पुतणीच लिहून घेतेय. माझं हे अडाणीपण आजवर मी हसवायला सांगायचो. त्या दिवशी बाईंकडनं तो कागद दोनदा वाचून घेतला. थुंकीत काय नव्हतं... रक्तात होतं. आणि आमी त्याच्या हातात ब्लेड दिलं.

तिथनं सरळ त्याच्या घरी गेलो. चार वर्सांनी आत पाय ठेवला. वहिनी एकटीच होती. खुंटीला त्याची जाळं सांधायची सुई, अजून दोरा भरलेली.

“पाणी देऊ, भावजी?” तिनं विचारलं. मग हळूच, “चालंल ना?”

“चालंल म्हंजे? द्या की!” मी मोठ्यानं बोललो.

तिनं तांब्या दिला. मी तोंडाकडं नेला आणि हात आपसूक वर गेला. ओठ न लावता, वरनं धार धरली. निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. एरवी अशा वेळी मीच पयला हसतो.

वहिनी तांब्याकडं बघत होती.

“असू दे, भावजी,” ती म्हणाली. “ह्यांना पन सवय झालेली.”